७२ चौरस फुटांचं स्वयंपाकघर आणि तीन लाखांची मर्यादा

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतची, १९९० च्या दशकात बांधलेली तीन मजली सोसायटी. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, त्यातलं स्वयंपाकघर ८ फूट बाय ९ फूट. घरात चौघं: नवरा-बायको, सासूबाई आणि नववीतला मुलगा. कडप्प्याच्या ओट्याच्या कडा झिजलेल्या, सिंकखालच्या कोपऱ्यात बारमाही ओल, आणि खालच्या फ्लॅटच्या छताला पिवळा डाग. बाजूला काढलेले पैसे तीन लाख. कर्ज काढायचं नाही, हे पक्कं.

हे घर उदाहरणादाखल घेतलं आहे. दर पुण्याच्या उपनगरांत साधारण चालतात तसे, गोल केलेले. तुमच्या भागात ते दहा-पंधरा टक्के खाली-वर होतील, पण हिशोबाची रीत हीच राहील.

सुरुवात नेहमी होते तिथूनच झाली, म्हणजे ट्रॉलीच्या शोरूममधून. संगणकावर थ्रीडी चित्र, ॲक्रिलिकचे चकचकीत दरवाजे आणि कोटेशन २,४०,००० रुपये. उरलेल्या ६०,००० मध्ये फरशी, ओटा आणि नळाचं काम बसेल, असा घरच्यांचा अंदाज. कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. एक, १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे ४३,२०० रुपये वर, एकूण २,८३,२००. दुसरी, ‘सिव्हिल, प्लंबिंग, इलेक्ट्रिक, ग्रॅनाइट, सिंक वगळून’. या दोन ओळी वाचल्यावर हातात उरले १६,८००. तेवढ्यात जुना ओटा फोडून राडारोडा खाली उतरवला, तरी निम्म्याहून जास्त संपतात.

म्हणून हिशोब उलटा मांडला. आधी भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली काय आहे त्याचा खर्च. मग ओटा, फरशी, रंग. मग हाताशी राखीव रक्कम. एवढं वजा करून जे उरेल ते ट्रॉल्यांचं. दरवाजे पाच वर्षांनीही बदलता येतात. ओट्यामागच्या भिंतीतला पाइप बदलायचा, तर नवा ओटा फोडावा लागतो.

मापं

खिडकीची भिंत ८ फुटांची, तिच्याखाली सिंक. लांब भिंत ९ फुटांची. त्यातले अडीच फूट फ्रीजला सोडून साडेसहा फूट ओटा. एल आकार. ओट्याची खोली २ फूट धरली, तर खिडकीकडची बाजू १६ चौरस फूट आणि लांब बाजू, कोपऱ्याचे दोन फूट वजा करून, साडेचार गुणिले दोन म्हणजे ९. एकूण २५ चौरस फूट. ओट्याची दर्शनी कड १०.५ धावते फूट. ट्रॉल्या आणि मोल्डिंग (ग्रॅनाइटच्या कडेला गोल आकार देणं) याच मापावर मोजायचं. भिंतीला टेकलेली लांबी १४.५ फूट, डॅडो (ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल) या मापावर. ही दोन मापं वेगळी आहेत. कंत्राटदाराने मोल्डिंगही साडेचौदा फुटांनी लावलं, तर लगेच ओळखू येतं.

तोडफोड आणि राडारोडा

फरशीवर फरशी बसवायची की जुनी काढायची, हा पहिला मोठा निर्णय. वरून बसवली तर चिकटवायचा थर आणि टाइल मिळून साधारण १५ मिलिमीटर उंची वाढते. दाराची खालची कड तासावी लागते आणि हॉलकडून येताना उंबरा जाणवतो. खर्च मात्र निम्म्यावर येतो. खाली गळती नसती, तर हाच मार्ग योग्य होता. इथे खालच्या छतावर डाग आहे, म्हणजे ओल कुठून जाते ते पाहिल्याशिवाय वरून झाकणं म्हणजे तोच खर्च दोनदा करणं. जुनी मोझॅक फरशी काढायचीच ठरली.

सोसायटीत दुपारी दोन ते चार आवाज बंद. ब्रेकर मशीन खऱ्या अर्थाने दिवसाला सहा तास चालतं, त्यामुळे दोन दिवसांचं काम तीन दिवसांवर जातं. भाडं आणि मजुरीही तीन दिवसांची. दोन बिगारी ८०० प्रमाणे, मशीनवाला १,०००, तीन दिवसांचे ७,८००. ब्रेकरचं भाडं २,१००. एकूण ९,९००.

राडारोड्याचा अंदाज बहुतेक जण हवेत करतात. तो मोजता येतो. फरशी आणि तिच्याखालचा थर तीन इंच धरला, तर ७२ चौरस फुटांतून १८ घनफूट माल निघतो. डॅडोच्या टाइल आणि मसाला ३ घनफूट, ओटा आणि त्याचे विटांचे पाय ८. एकूण २९ घनफूट, म्हणजे साधारण १,६०० किलो. जिन्यावरून एक माणूस दमल्याशिवाय वाहू शकेल अशी गोणी २५ किलोची. म्हणजे ६५ ते ७० गोण्या. ३० रुपये गोणीप्रमाणे उतरवायचे २,१००. छोटा टेम्पो ओव्हरलोड न करता ७०० किलोच्या आसपास नेतो, म्हणून तीन फेऱ्या, ६,०००. राडारोडा महापालिकेने ठरवलेल्या जागीच टाकायचा, हे टेम्पोवाल्याशी दर ठरवतानाच बोलून घ्यायचं. नदीकाठी किंवा रस्त्याकडेला टाकला, तर दंड होतो आणि गोण्या कोणाच्या घरच्या हे शोधणं अवघड नसतं.

नळ, नहाणी ट्रॅप आणि ओल

इथे थोडं थांबायला हवं, कारण या घराच्या बजेटचं मूळ दुखणं याच कोपऱ्यात होतं.

त्या काळच्या कामांत सिंकचं पाणी एका लवचीक पाइपने ओट्याखाली आणून नहाणी ट्रॅपवर (जमिनीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्यावर) मोकळं सोडलेलं असायचं. पाइपचं तोंड जाळीवर नुसतं टेकवलेलं. खरकटं पाणी जाळीवर आपटतं, आजूबाजूला उडतं, झुरळं त्याच वाटेने वर येतात. ट्रॅपभोवतीचा सिमेंटचा सांधा रोज ओला-कोरडा होत शेवटी तडकतो. पाणी फार नसतं, पण रोजचं असतं. खालच्या छतावरचा डाग म्हणूनच पावसाळ्यात वाढत नव्हता आणि उन्हाळ्यात जात नव्हता. बाहेरच्या भिंतीतून येणारी ओल पावसाबरोबर कमी-जास्त होते. बारमाही सारखा राहणारा डाग दिसला, की आधी पाइप आणि ट्रॅपवर संशय घ्यावा.

नव्या कामात सिंकचा वेस्ट पाइप जाळीवर न सोडता बंद सांध्याने थेट ट्रॅपला जोडला. जमीन धुवायची सवय असल्यामुळे जाळी ठेवली, पण ओट्याबाहेर, मोकळ्या फरशीवर.

पाण्याच्या जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपांच्या जागी सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा पाइप), आयएस १५७७८ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, एसडीआर ११ जाडीचा. पाऊण इंची पाइप साधारण ४० फूट, ब्रास इन्सर्टचे एल्बो, तीन अँगल कॉक आणि फक्त स्वयंपाकघराचा एक बॉल व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह विसरू नये. नळाचा वॉशर बदलायला अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही. साहित्य ६,५००, मजुरी ६,०००. सीपीव्हीसीच्या सांध्याला सीपीव्हीसीचंच सॉल्व्हंट (सांधा चिकटवायचं रसायन) हवं. घाईत यूपीव्हीसी या दुसऱ्या जातीच्या पाइपचा डबा वापरला, तर सांधा दिसायला चांगला बसतो आणि टाइल लागल्यावर गळतो. म्हणून भिंत बुजवण्याआधी हातपंपाने दाब देऊन लाइन २४ तास तशीच ठेवायची आणि दाबमापकाचा काटा खाली आला का ते पाहायचं.

सिंक २४ बाय १८ इंच, ९ इंच खोल, ३०४ स्टीलचा: ५,५००. नळ १,८००, वेस्ट कपलिंग आणि पाइप ७००. फरशीवर आणि भिंतीला सहा इंच वर वॉटरप्रूफिंग: ७२ अधिक १७, म्हणजे ८९ चौरस फूट, ४५ रुपयांनी ४,००५. त्यावर एक इंच पाणी ४८ तास साठवून खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छत पाहायचं. या दोन दिवसांची मजुरी कोणी मागत नाही, तरी ही पायरीच सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते.

वीज

जुन्या स्वयंपाकघरात एक पाच अँपिअरचा आणि एक पंधराचा सॉकेट. मिक्सर, फ्रीज, पाणी शुद्ध करायचं मशीन आणि इंडक्शन हे सगळं दोन एक्स्टेंशनवर. इंडक्शन २,००० वॉट, मायक्रोवेव्ह १,४००, किटली १,५००. सकाळी सात वाजता तिन्ही एकदम लागली, तर ४,९०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला २१ अँपिअरहून थोडं जास्त. एका सर्किटचं हे काम नाही. दोन वेगळी सर्किटं, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), पॉवर पॉइंटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि दोन्हींवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच). चार पॉवर पॉइंट १,८०० प्रमाणे, चार साधे १,२०० प्रमाणे, आरसीसीबी आणि एमसीबी ४,०००. एकूण १६,०००. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो कमी असेल तर वाढवायचा अर्ज काम सुरू करण्याआधीच द्यावा.

चिमणी आत्ता घ्यायची नाही, हे ठरलं. पण तिचा पॉइंट आणि भिंतीतलं सहा इंची भोक आत्ताच. कोअर कटिंगचे १,५००. रंग झाल्यावर ते भोक पाडलं, तर तेच काम चौपट त्रासाचं होतं.

फरशी, डॅडो, ओटा

जमिनीला दोन बाय दोन फुटांची मॅट व्हिट्रिफाइड टाइल. एका बॉक्समध्ये चार, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. ७२ अधिक दहा टक्के तूट म्हणजे ७९ लागतात. पाच बॉक्स साडेसत्त्याहत्तरचे. इथे दुकानदार हमखास म्हणतो, ‘पाचात होतंय साहेब’. सहा घ्यायचे. डॅडो ओट्यावर २ फूट, २९ चौरस फूट. ओट्याखालीही साधी पांढरी टाइल, ३६ चौरस फूट. ओट्याखाली टाइल कशाला, असं कारागीर म्हणतात. ट्रॉली बाहेर काढून भिंत फडक्याने पुसता यावी म्हणून. टाइल ८,८७०, दोन बॅग ॲडहेसिव्ह ९००, दोन किलो इपॉक्सी ग्राउट १,६००, मजुरी ५,४४५, झिऱ्या (पाइप-वायरसाठी भिंतीत खोदलेल्या खाचा) बुजवणं आणि प्लॅस्टरच्या ठिगळांना ४,०००. एकूण २०,८१५. सिमेंटच्या ६ बॅगा, २५ घनफूट क्रश सँड आणि हे सगळं दुसऱ्या मजल्यावर चढवायची हमाली मिळून ५,३२०. हमालीचा आकडा कोणत्याच कोटेशनमध्ये नसतो. ‘माल खाली उतरवून मिळेल’ एवढंच लिहिलेलं असतं.

ग्रॅनाइटच्या बाबतीत सगळे एकदा तरी फसतात. ओटा २५ चौरस फुटांचा, मग पंचवीसच फुटांचे पैसे, असं वाटतं. पण कड एक इंच पुढे काढायची म्हणजे रुंदी २५ इंच, आणि दुकानात स्लॅब अडीच फूट रुंद. उरलेली पाच इंची पट्टीही आपल्याच बिलात. ९ फूट बाय अडीच आणि ५ फूट बाय अडीच असे दोन तुकडे, ३५ चौरस फूट. काळा ग्रॅनाइट २०० रुपयांनी ७,०००, त्यावर जीएसटी १,२६०. मोल्डिंग साडेदहा फूट, १२० रुपयांनी १,२६०. सिंकची कापणी ८००, वाहतूक १,५००. खालचा आणि उभा कडप्पा ५० चौरस फूट, ३,०००. बसवण्याची मजुरी ५,०००. एकूण १९,८२०. ती पाच इंची पट्टी टाकून द्यायची नाही. खिडकीच्या कट्ट्याला आणि दाराच्या उंबऱ्याला तीच वापरायची, हे कापणी करतानाच सांगायचं.

उंचीवर थोडी चर्चा झाली. सासूबाई ४ फूट ११ इंच, सूनबाई ५ फूट ४ इंच. शेगडी ओट्यावर ठेवली की वर आणखी पाच-सहा इंच चढते. ओटा ३२ इंचांवर आणला आणि फ्रीजजवळच्या ट्रॉलीत कंबरेच्या खाली एक ओढून काढायची फळी घेतली. भाकरी थापायला खांद्यातून जोर लागतो, आणि तो उंच ओट्यावर येत नाही.

ट्रॉल्यांना काय उरलं

ट्रॉल्या सोडून बाकी सगळ्याची बेरीज १,३१,२८० झाली. तीन लाखांतून ती वजा केली, मग १५ टक्के राखीव म्हणून ४५,००० वजा केले. उरले १,२३,७२०. यात जीएसटी धरलेला हवा, म्हणजे कोटेशनवरचा आकडा जास्तीत जास्त १,०४,८०० च्या आसपास. आता शोरूममध्ये जाऊन चित्र बघण्यात अर्थ आहे.

या रकमेत शोरूमचं काम बसत नव्हतं. स्थानिक ट्रॉलीवाल्याचं बसलं. आठ जाळीच्या ट्रॉल्या २,४०० प्रमाणे १९,२००, बाटल्यांचा आठ इंची पुल-आउट ३,५००, टेलिस्कोपिक चॅनेल ७,२००, दर्शनी दरवाजे २५ चौरस फूट ८५० रुपयांनी २१,२५०, आतल्या बाजू आणि चौकट १२,०००, बिजागऱ्या, हँडल आणि स्कर्टिंग ५,७३०. खालचा भाग ६८,८८०. खिडकीमुळे वरची कपाटं फक्त लांब भिंतीला, १३ चौरस फूट, १९,५००. एकूण ८८,३८०, जीएसटी १५,९०८, म्हणजे १,०४,२८८.

कुठे काटकसर चालते आणि कुठे नाही, हे नीट बघायला हवं. सिंकखालच्या कप्प्याला आयएस ७१० चा बीडब्ल्यूपी (पाण्यात सगळ्यात जास्त टिकणारा) प्लायच, कारण तिथे पाणी येणार हे गृहीत धरायचं. बाकी दरवाज्यांना त्याखालचा बीडब्ल्यूआर पुरतो. सिंकजवळ एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्या) असेल, तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. कड एकदा फुगली की ती पुन्हा बसत नाही. ट्रॉलीची जाळी ३०४ स्टीलची आहे हे दाखवायला विक्रेता लोहचुंबक लावतो आणि ‘बघा, चिकटत नाही’ म्हणतो. स्वस्तातलं २०२ जातीचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. त्या चाचणीला अर्थ नाही. बॅटरीवर चालणारं थेंबाचं टेस्टिंग किट मिळतं. २०० मालिकेतल्या स्टीलवर जास्त मँगनीजमुळे थेंब लाल पडतो. ते नसेल, तर बिलावर ‘एसएस ३०४’ लिहून घ्यावं. नुसतं ‘एसएस’ लिहिलेलं बिल घेऊ नये.

संपूर्ण अंदाज असा उतरला, रुपयांत:

तोडफोड ९,९००
राडारोडा ८,१००
प्लंबिंग, सिंक, नळ २०,५००
वॉटरप्रूफिंग ४,००५
वीज १६,०००
सिमेंट, वाळू, हमाली ५,३२०
फरशी आणि डॅडो २०,८१५
ओटा १९,८२०
ट्रॉल्या, कपाटं (जीएसटीसह) १,०४,२८८
रंग, ३१५ चौरस फूट ८,८२०
दिवा, एक्झॉस्ट, कोअर कटिंग ४,०००
पाइप गॅस सरकवणं ४,०००
डबा, सोसायटीचं शुल्क, साफसफाई १०,०००
एकूण २,३५,५६८
राखीव ४५,०००
मोकळे १९,४३२

सोसायटीची १०,००० ची परत मिळणारी अनामत यात नाही. तो खर्च नव्हे, पण तेवढी रक्कम महिनाभर अडकते, हे ध्यानात ठेवावं लागतं. पाइप गॅसचा नळ आपल्या प्लंबरने सरकवायचा नाही. गॅस कंपनीकडे अर्ज करून त्यांच्याच माणसाकडून करून घ्यायचं, आणि अर्ज तोडफोडीच्या आधी द्यायचा, कारण तारीख त्यांच्या सोयीने मिळते.

काम चालू झाल्यावर

पहिले तीन दिवस तोडफोड, मग तीन दिवस पाइप आणि वायरच्या झिऱ्या, एक दिवस दाबाची चाचणी, तीन दिवस वॉटरप्रूफिंग आणि पाणी साठवणं, दोन दिवस फरशी, दोन दिवस ओटा, दोन दिवस डॅडो. सोळाव्या दिवसानंतर सिंक आणि गॅस जोडून ओट्यावर स्वयंपाक सुरू करता येतो. ट्रॉल्या कारखान्यात तयार होत असतात तेव्हा ओट्याखाली नुसते पडदे लावून भागतं. डबा महिनाभर नव्हे, अठरा दिवस. तोही सगळ्या वेळांना नव्हे. गॅलरीत टेबलावर इंडक्शन लावून सकाळचा चहा आणि वरण-भात होत होता, म्हणून डब्याला ६,००० पुरेसे धरले.

दुसऱ्या दिवशी ट्रॅपभोवतीचा मसाला फोडला, तेव्हा ट्रॅप बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जुन्या पाइपला फक्त सिमेंटने चिकटवलेला निघाला. सांध्याला अर्ध्याहून जास्त गोलाईत भेग. पीव्हीसी ट्रॅप, बिडाच्या पाइपला जोडायचा योग्य कपलर, मजुरी: ४,५०० जादा. खालच्यांच्या छताचं प्लॅस्टर आणि रंग ३,५००. हा खर्च कोणाचा, यावर सोसायटीत वाद होऊ शकला असता. गळती आपल्या ट्रॅपची हे डोळ्यांनी दिसल्यावर तो घातला नाही. सिंकमागचं प्लॅस्टर ठोकून पाहिलं तर पोकळ वाजत होतं, टाइलबरोबर २० चौरस फूट खाली आलं: २,२००. मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत अर्थिंगची वायरच नव्हती: ३,२००.

सहावा टाइलचा बॉक्स दुकानदाराच्या शब्दावर सुरुवातीला घेतला नव्हता. तो नंतर आणला तेव्हा बॉक्सवरचा बॅच नंबर वेगळा निघाला. शेजारी ठेवल्यावर रंगातला फरक स्पष्ट कळत होता. मग नव्या बॅचच्या फरश्या ओट्याखाली, जुन्या मोकळ्या जमिनीवर. जादा फक्त रिक्षाचे ४००, पण हे बसवण्याआधी बॉक्स पाहिल्यामुळे.

लांब भिंत गुण्यात (काटकोनात) नव्हती. साडेसहा फुटांत एक इंच सुटत होती. ग्रॅनाइट कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा केल्यामुळे ओटा बसला, पण ट्रॉलीवाल्याने घाईत नकाशावरून एका कप्प्याचं माप आधीच घेतलं होतं. प्रत्यक्षात दोन उभ्या कडप्प्यांमधली जागा वीस इंचांऐवजी पावणेवीस भरली. एक चौकट आणि दर्शनी फळी पुन्हा कापावी लागली: १,८००, निम्मी त्याने सोसल्यावर. ट्रॉलीचं माप ओटा बसून, डॅडो लागून, ओळंब्यात तपासल्यानंतरच. त्याआधी घेतलेलं माप कागदावरचं. मोल्डिंगला तीन दिवस उशीर झाल्याने डब्याचे २,००० वाढले.

जादा खर्च एकूण १७,६००. उलट जुन्या ओट्याखालचा २५ चौरस फूट कडप्पा न फोडता काढला आणि उभ्या पायांना वापरला, तेवढे १,५०० वाचले. राखीव रकमेतून प्रत्यक्षात १६,१०० गेले.

‘एवढं चाललंच आहे, तर हॉललाही हात मारून घेऊ’ हे वाक्य चौथ्या दिवशी आलंच. राखीव रक्कम भिंतीत सापडणाऱ्या गोष्टींसाठी. हौसेचे पैसे फक्त मोकळ्या १९,४३२ मधून. हे आधीच लिहून ठेवल्यामुळे हॉलचा रंग मागे पडला आणि दोन सॉफ्ट-क्लोज (आपोआप हळू मिटणारे) टँडम ड्रॉवर आले, जीएसटीसह ७,०८०. काम संपलं तेव्हा खर्च २,५८,७४८. शिल्लक ४१,२५२.

पैसे कसे दिले

गवंड्याला टप्प्यावर: तोडफोड झाल्यावर, फरशी झाल्यावर, ओटा झाल्यावर. मधली उचल दिली ती वहीत तारखेसह लिहून, त्याची सही घेऊन. ट्रॉलीवाल्याने सत्तर टक्के आगाऊ मागितले होते. ठरलं ते असं: ओट्यावर माप घेतल्यावर ४० टक्के, माल घरात आल्यावर ४०, बसवल्यावर १५, आणि पंधरा दिवस वापरून ५. ते शेवटचे पाच टक्के कामाला आले. भांड्यांनी भरल्यावर मधली ट्रॉली एका बाजूला घासू लागली. रिकामी असताना ती मऊ सरकत होती. चॅनेलचे स्क्रू सैल करून, दोन मिलिमीटर उचलून पुन्हा आवळले. अर्ध्या तासाचं काम, पण पूर्ण पैसे दिले असते तर त्यासाठी किती फोन करावे लागले असते, ते सांगता येत नाही.

उरलेल्या पैशांतून माळ्याचे दरवाजे, १८ चौरस फूट, जीएसटीसह १४,८६८. हातात २६,३८४ राहिले. चिमणी दिवाळीनंतर. तिचं भोक तोपर्यंत बाहेरून प्लॅस्टिकच्या टोपीने बंद केलं आहे, नाहीतर पारवे घरटं करतात. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला मापाची टेप लावून काढलेले फोटो फोनमध्ये आहेत, आणि त्यांची एक प्रिंट उरलेल्या दोन फरश्यांबरोबर माळ्यावर ठेवली आहे. चिमणी बसवणारा ड्रिल हातात घेईल, तेव्हा आधी ती प्रिंट त्याच्यासमोर धरायची.